गुडघ्यावरचं लुगडं

इंदोरा, नागपूर
रविवार, दुपार

प्रिय बेटा,
सप्रेम जयभीम.

पोहोचल्याचा मेसेज बाबांच्या फोनवर आला, माझ्या नाही. म्हणजे राग अजून आहे. असू दे. स्टेशनवर आत्या शेजारी उभी असताना मी ‘पाय झाकून घे, रात्रीची गाडी आहे’ म्हणत माझी शाल तुझ्या मांडीवर टाकली. तू ती घडी करून परत दिलीस आणि म्हणालीस, ‘पणजीचं लुगडंही गुडघ्याच्या वरच होतं ना?’ तेवढ्यात गाडी सुटली आणि उत्तर राहिलं. तेच द्यायला बसले आहे. तुझ्या कपड्यांवर एक शब्द लिहायचा नाही, असं ठरवून.

पणजीचं लुगडं वर होतं ते तिच्या मर्जीनं नव्हतं, बेटा. आपल्या बायकांनी नेसायचं कसं, अंगावर दागिना कसला, हे गाव ठरवायचं. बाई लांबून दिसली तरी जात कळली पाहिजे, म्हणून. 1927 च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी बायकांना हेच सांगितलं, की ही नेसण्याची पद्धत तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे, ती पुसा. लुगडं खाली सोडा, गळ्यातलं ते ओझं आणि कोपरापर्यंतच्या पाटल्या उतरवा. पुढे 1942 च्या जुलैत इथे नागपुरातच महिला परिषद झाली. आजी तेव्हा दहा वर्षांची, पणजीचं बोट धरून गेली होती. पणजीनं त्या दिवशी लुगडं घोट्यापर्यंत सोडलं आणि सवय नसल्यानं वाटेत दोनदा अडखळली. आजी हे सांगताना हसायची आणि मग एकदम गप्प व्हायची.

आणि 1956! 14 ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर जाताना आजीच्या अंगावर पांढरं पातळ, शेजारी आजोबा. वस्तीबाहेरच्या एका म्हातारीनं विचारलं म्हणे, ‘काहून वं, नवरा जित्ता हाये ना?’

तू म्हणशील, आई, मग तूच का? तिथेच तर अडतं.

माझं लुनाचं प्रकरण तुला अर्धंच माहीत आहे. कोपरावरची खूण पाहिली आहेस. 1993 साली कामठी रोडवर पदर चाकात गेला आणि मी पडले. दुसऱ्या दिवशी शाळेत पंजाबी ड्रेस घालून गेले, तर मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. ‘बाई, मुलांसमोर कसं दिसतं?’ मी म्हटलं, ‘सर, मुलं फळ्याकडे पाहतात.’ हे तुला अभिमानानं सांगत आले. पुढचं सांगितलं नाही. मी ऐकलं त्यांचं. सहा वर्षं साडी पिशवीत घालून नेली आणि प्रयोगशाळेच्या कपाटाआड बदलली. 2024 च्या मार्चमध्ये शिक्षकांच्या पोशाखाचा शासन निर्णय आला, तेव्हा माझी निवृत्ती जवळ आली होती. त्यात बाईंनी साडी नेसावी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा घालावा, जीन्स-टीशर्ट नको. ज्यासाठी मला बोलणी बसली, तोच ड्रेस आता कागदावर शोभून दिसतो! स्टाफरूममध्ये मी एकटीच हसले.

पण तुझी कॅब रात्री साडेअकराला सोडते. गेटपासून बिल्डिंगपर्यंत तो अंधारा तुकडा मी पाहिला आहे. तिथून येताना निदान वरून काहीतरी... बघ, लिहिलंच शेवटी. कपड्यानं काही होत नाही, मला कळतं. घोट्यापर्यंतच्या साडीतही बसमध्ये माझ्या कमरेला हात लागलेले आहेत, आणि मेच्या उन्हात डोळे सोडून सगळं तोंड बांधलेल्या पोरींचाही इथे गाड्यांवरून पाठलाग होतो. शहाणपण सगळं आहे, फक्त रात्री साडेअकराला ते उपयोगी पडत नाही. चुकलं माझं. आत्यासमोर तर नक्कीच चुकलं. तुझी शाल नाकारण्याची पद्धत मात्र थेट आजीची. बाबा म्हणाले, तुझी. मला दोन्ही चालतं.

वरून स्टोल घेतलास तर हरकत नाही ना? नको, जाऊ दे. तो तुकडा फोनवर बोलत चाल, मी जागीच असते. मला फोन कर, बाबांना नाही. ते घोरतात.

तुझीच,
आई

ता. क. तुझा निळा ड्रेस इथेच राहिला होता. टेलरकडून चेन बदलून आणली. तो म्हणाला, आतल्या दुमडीत दोन इंच कापड आहे, उंची वाढवून देऊ का? मी लगेच नको म्हटलं नाही. तो कात्री हातात घेऊन थांबला होता. मग नको म्हटलं. उद्या कुरियर करते, सोबत सांडगे आहेत.