उवांचं चित्र

आम्स्टरडॅम
रविवार, रात्र

प्रिय सुमे,

सुखरूप पोचल्याचं घरून कळलंच असेल. हे पत्र वेगळ्याच कारणासाठी. आज राइक्सम्युझियममध्ये तुझी फार आठवण आली, ती उवांवरून! हसू नकोस.

सगळी गर्दी रेम्ब्राँटपुढे. मी कंटाळून बाजूला सरकले, तर समोर पीटर द होखचं चित्र, १६६०च्या आसपासचं. जेमतेम दोन फूट रुंद. भिंतीत कपाटासारखा पलंग, त्याच्यापुढे बसलेली आई आणि तिच्या मांडीत डोकं खुपसून गुडघ्यांवर बसलेलं पोर. आई त्याच्या उवा काढतेय. बस्स, एवढंच.

पोराचा चेहरा दिसत नाही, पण मला तो पाठ आहे. मान अवघडलेली, नाकात लुगड्याचा वास, आणि वरून “हलू नकोस गं, एक सापडलीय.” मग दोन नखांमधला तो टक्‌ आवाज. आपल्या पायरीवर दर रविवारी हेच चालायचं ना?

चित्राला नाव दिलंय ‘आईचं कर्तव्य’. त्या काळी तिकडे फणी म्हणजे मनाच्याही स्वच्छतेची खूण मानत. असेल बाई. पण नुसता उपदेशच करायचा असता, तर मागच्या रिकाम्या खोलीवर याने इतका जीव का लावला असता? तिथे उन्हाचा उजेड फरशीवर सांडलाय. द होखचा बाप गवंडी आणि आई सुईण, म्हणून तर नसेल? फरशी आणि पोर, दोन्ही घरचेच विषय. आणि मध्ये एक कुत्रं, आपल्याकडे पाठ करून, त्या उजेडाकडे बघत बसलेलं. मला तर वाटलं, मांडीत अडकलेल्या पोराच्या वतीने तेच बाहेर बघतंय.

कोपऱ्यात पोराची शी-शूची खुर्चीही आहे, भोक पाडलेली! डच लोक तिला काकस्टूल म्हणतात. आपल्याकडे दिवाणखान्यात असलं चित्र कुणी टांगू दिलं असतं का? इथे एका बँकरने ते जपलं आणि १८५४मध्ये मरताना आपल्या संग्रहासकट शहराला देऊन टाकलं.

सोबत पोस्टकार्ड घातलंय. कुत्रं नीट बघ. आणि चौथीत उवा तुझ्या डोक्यातून माझ्या डोक्यात आल्या होत्या, हे आता तरी कबूल कर.

तुझीच,
मंदा