पासिंगआधी रंग नको, गंज बघा

महोदय,

खासगी कारची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे 5 वर्षांसाठी नूतनीकरणाला फिटनेस तपासणी लागते. नूतनीकरणाचा अर्ज, म्हणजे फॉर्म 25, मुदत संपण्याच्या 60 दिवस आधीपासून भरता येतो. ही वेळ आली की आपल्याकडे अख्खी गाडी रंगवून घेतात. बहुतेकदा तो पैसा वायाच. दाराला पोचा आहे एवढ्यावरून गाडी अडू नये. ती अडते फाटून धार आलेल्या पत्र्याने, लोंबत्या बंपरने, फुटक्या दिव्याने. बंपरला बसलेल्या धक्क्यात हेडलाइटचा ब्रॅकेट वाकला तर झोत वर जातो, तेही बघून घ्यावे.

घोर गंजाचा. काळ्या मातीचा चिखल दाराखालची पाणी जायची भोके बुजवतो, पत्रा आतून कुजतो. गंजावरच लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरली तर ती लवकरच फुगून निघते. आधी चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासावे, कुजका तुकडा कापून नवा वेल्ड करावा. लांबीचा थर 2-3 मिलिमीटरच, मग 320 नंबरचा पॉलिश पेपर, प्रायमर, रंग. जुनी गाडी घेताना लोहचुंबक खिशात ठेवावे. पत्र्याला चिकटत नसेल तिथे बहुधा लांबीचा जाड थर आहे.

– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)