पीठ का सुटलं?

प्रिय बाळ्या,

तीन महिने पत्र नाही म्हणून चिडला असशील, चिड. तब्येत बरी आहे, गुडघा तसाच. विस्कॉन्सिनात आता हाडं गोठवणारी थंडी आहे. मिशिगन सरोवराच्या ग्रीन बे खाडीवरच्या बर्फाला भोकं पाडून लोक गळ सोडून बसलेत.

लिहायला बसलो ते गेल्या शुक्रवारमुळे. मी मासे तळतो त्या बारमध्ये संध्याकाळी सातनंतर कॉड माशाच्या तुकड्यांवरचं पीठ सुटायला लागलं. काटा टोचला की कुरकुरीत टरफल अख्खं वेगळं आणि आत ओला पांढरा तुकडा. इथे कुणाला सांगावं तर ‘टार्टर सॉस जास्त घाल’ म्हणतील. सुटलेल्या पिठाचं दुःख तुझ्याच घरात कळतं. मालकीणबाई तर आता म्हणतात की कारखान्यातून पीठ लावूनच गोठवलेले तुकडे मागवू. राखेच्या बुधवारला, म्हणजे ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपासकाळ सुरू होतो त्या दिवसाला, तीन आठवडे उरलेत. त्यानंतर ईस्टरपर्यंतच्या शुक्रवारांना बारमध्ये उभं राहायला जागा नसते.

तुझं ते जुनं भांडण आठवलं. ‘मांस वर्ज्य आणि मासा चालतो, हा कसला उपास?’ अरे, आपण सोमवार-गुरुवार मासे टाकतो, हे कॅथलिक ख्रिस्ती शुक्रवारी मांस सोडून मासेच धरतात. माईंना सांग, म्हणजे त्या इकडच्या शुक्रवारचं तिकीट काढतील! इथे जर्मन आणि पोलिश कॅथलिकांची वस्ती दाट. 1920 ते 1933 दारूबंदी होती, तेव्हा बारवाल्यांना गिऱ्हाईक टिकवायला ताटाचाच आधार. तळ्यातला मासा स्वस्त होता, तो शुक्रवारी तळू लागले. 1966 साली अमेरिकेतल्या बिशपांनी वर्षभराच्या शुक्रवारचं बंधन सैल केलं, तरी मासे सुटले नाहीत. आता ल्युथरन, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्तीही येतात आणि काहीच न मानणारेही.

तर पीठ. मी कारण शोधलंय, ते तू तपासून सांग. मुळात पाणी. कॉड गोठलेला येतो. त्या दिवशी शेवटची खोकी दुपारी उघडली, म्हणून तुकड्यांच्या पोटात बर्फ राहिला. तेलात तो वितळतो, त्याची वाफ होते आणि ती वाफ पीठ आतून उचलते. वरून टिपून कोरडा केला तरी फसतं, कारण पाणी आत असतं. मासा आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये भोकाच्या ट्रेवर ठेवायला हवा, खाली पाणी गळायला दुसरा ट्रे. सकाळी कागदाने दोन्ही बाजू टिपायच्या. मग कोरड्या पिठात घोळवून झटकायचा, पांढरी धूळ दिसेल इतकंच राहिलं पाहिजे. जाड थर राहिला की तोच घसरतो.

भिजवलेलं पीठ असं: सव्वा कप मैदा, पाव कप कॉर्नफ्लोअर, एक चमचा बेकिंग पावडर, एक चमचा मीठ, थोडी पॅप्रिका आणि 355 मिलीची गार बिअरची एक बाटली. बिअर एकदम ओतायची नाही, चमच्याच्या पाठीवर साय धरावी तसं पीठ झालं की थांबायचं. फार घोटलं तर मैद्याला चिवटपणा येतो, गुठळ्या राहिल्या तरी चालतात. आमच्याकडे पाच वाजता एकदाच मोठी बादली भिजवली होती. सातपर्यंत ती कोमट झाली, बिअरचा वायू गेला. पीठ बर्फावरच्या भांड्यात, थोडंथोडंच हवं.

तेल 185 अंश सेल्सिअसवर लागतं. गर्दीत टोपलीत दुप्पट तुकडे पडले की ते झटकन खाली येतं आणि मासा तळण्याऐवजी तेल पितो. दुसरी चूक, पीठ लावलेला तुकडा रिकाम्या टोपलीत ठेवून टोपली बुडवणं. पीठ तारेला चिकटतं आणि काढताना फाटतं. टोपली आधी तेलात सोडावी, तुकडा शेपटाकडून धरून अर्धा बुडवावा, चार-पाच सेकंद हलवावा, मग हात सोडावा. दोन सेंटिमीटर जाडीला चार-पाच मिनिटं लागतात. काढून जाळीवर, कागदावर नाही, कागदावर वाफ कोंडून बूड मऊ पडतं. मीठ फ्रायरपासून लांब भुरभुरायचं, मिठाने तेल लवकर मरतं. तळाशी जळालेलं पीठ साचलं असेल तर संध्याकाळच्या मध्यावरच तेल गाळून घ्यावं. आम्ही नाही घेतलं. सातनंतरचे तुकडे काळपट निघाले ते त्यामुळे.

आता मला टोचतंय ते पुढचं. इथला खरा मासा पिवळा पर्च. बोटाएवढा लांब फिले, कातडीसकट, तळला की कडा वर वळतात. मिशिगन सरोवरात विस्कॉन्सिनच्या बाजूची पर्चची धंदेवाईक मासेमारी 1996 साली बंद झाली, ग्रीन बे तेवढा वगळून. म्हणून आता पर्च महाग, वॉलआय हा दुसरा गोड्या पाण्यातला मासा कॅनडातून येतो आणि बाकी समुद्रातला कॉड. बर्फावर गळाने धरलेला मासा विकायला कायद्याने बंदी. म्हणजे मासा आधीच परका झालाय, हाताचं पीठ तेवढं इथलं उरलंय. तेही कारखान्याचं झालं तर शुक्रवारी लोकांनी इथेच का यावं?

बटाट्याचे पॅनकेक मात्र कुणी बदलणार नाही. तुझ्या उपासाच्या थालीपिठाचे चुलतभाऊ: किसलेला बटाटा फडक्यात पिळायचा, पाणी निवळू द्यायचं, तळाचं पांढरं सत्त्व परत किसात घालायचं. त्यात कांदा, अंडं, चिमूट मैदा. सोबत सफरचंदाचा गोड गर, शिवाय कोबीचं कोशिंबिरीसारखं कोलस्लॉ आणि लोणी लावलेला राय ब्रेड. टेबल मिळेपर्यंत लोक बारपाशी ब्रँडी ओल्ड फॅशन्ड घेऊन उभे: साखर, बिटर्स नावाच्या कडू अर्काचे थेंब, संत्र्याची फोड आणि चेरी ग्लासातच ठेचून वर ब्रँडी, बर्फ, सेव्हन-अप. तुला आवडणार नाही, तू सोलकढीतही साखर पकडतोस.

येत्या शुक्रवारी मालकीणबाईंनी मला एक फ्रायर दिलाय. रात्रभर निथळलेला मासा त्यात तळायचा आणि कारखान्याचे तुकडे शेजारच्यात. दोन्ही त्या स्वतः खाऊन बघणार.

होडीचं इंजिन झालं का दुरुस्त? पोरीची दहावी यंदाच ना, तिला म्हणावं गणित आधी. काकांच्या डोळ्याचं काय ठरलं?

आणि माईंना विचारून लगेच कळव: सुरमईच्या तुकडीला आगळ-मसाला लावल्यावर त्या ती निथळत किती वेळ ठेवतात, आणि रवा लावून लगेच तव्यावर टाकतात की थोडं थांबतात? बुधवारपर्यंत उत्तर आलं तर गुरुवारी रात्री मासा तसा लावून ठेवीन.

तुझाच,
दादू