निलंबन उपनिरीक्षकाचे, मग देखरेख कोणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोव्यात एखादा गाजलेला खटला न्यायालयात टिकला नाही की निकालपत्रात तपासावर ताशेरे येतात, चार दिवस ओरड होते आणि फारच झाले तर एखाद्या उपनिरीक्षकाला किंवा निरीक्षकाला निलंबित केले जाते. ज्या उपअधीक्षकांनी आणि अधीक्षकांनी तीच फाईल महिनोन्महिने पाहिली आणि तिच्यावरून दोषारोपपत्र न्यायालयात जाऊ दिले, त्यांचे नाव मात्र कुठेच येत नाही.

कायद्याने ते या तपासाबाहेर नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३० प्रमाणे ठाणेप्रमुखाला असलेले अधिकार त्याच्या वरच्या अधिकाऱ्यांनाही आपापल्या हद्दीत आहेत. अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ५७ तर अटक आणि जप्तीनंतर ४८ तासांच्या आत लगतच्या वरिष्ठाला संपूर्ण अहवाल द्यायला लावते. हा अहवाल आवक नोंदवून फाईलला लावण्यासाठी नसतो. नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढण्याची व्यवस्था झाली का, सील कोणाच्या ताब्यात आहे, पंचनाम्यातले वजन आणि मुद्देमाल नोंदवहीतले वजन जुळते का, हे त्याच दिवशी विचारले तर चूक दुरुस्त होते. खटला उभा राहिल्यावर तीच चूक बचाव पक्षाच्या हाती जाते.

किनाऱ्यावर मृतदेह सापडतो, तेव्हाचेच पाहा. पंचनाम्यात ‘बुडून मृत्यू’ लिहायला पाच मिनिटे लागतात. त्यानंतर नखांखालचे अंश घेतले जात नाहीत, भरती-ओहोटीची वेळ नोंदवली जात नाही, अस्थिमज्जेतील डायटम (बुडताना पाण्याबरोबर शरीरात जाणारे सूक्ष्म शैवाल) तपासण्याची विनंती डॉक्टरांकडे जात नाही. ओले कपडे सावलीत वाळवून कागदात बांधायचे असतात. ते तसेच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले तर बुरशी धरते आणि डागांमधला डीएनए नासतो. मग वेर्ण्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेने कितीही डोके फोडले तरी उपयोग नसतो. शेजारच्या शॅकमधले किंवा हॉटेलमधले सीसीटीव्ही चित्रण बहुतेक ठिकाणी पंधरा दिवसांत ते महिन्याभरात आपोआप पुसले जाते. नवख्या उपनिरीक्षकाला यातले काही सुचणार नाही, हे मी समजू शकतो. ते सुचवण्यासाठीच वरिष्ठ घटनास्थळी जातात ना? मग त्यांनी तिथे काय पाहिले आणि कोणती सूचना दिली, याचा सहीचा कागद फाईलमध्ये असायलाच हवा.

फेब्रुवारी २००८ मध्ये हणजूण किनाऱ्यावर पंधरा वर्षांच्या ब्रिटिश मुलीचा मृतदेह सापडला. पोलिसांनी आधी बुडून मृत्यू म्हटले. तिची आई मागे हटली नाही म्हणून दुसरी शवचिकित्सा झाली आणि अंगावरच्या पन्नासच्या आसपास जखमा उजेडात आल्या. तपास सीबीआयकडे गेला. २०१६ मध्ये बाल न्यायालयाने दोन्ही संशयितांना निर्दोष सोडले आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांपैकी एकाला दोषी धरून दहा वर्षांची शिक्षा दिली. या अकरा वर्षांचे मूळ पहिल्या काही दिवसांत होते.

त्याहून मला अस्वस्थ करते ते फोंडा परिसरातले प्रकरण. १९९४ पासून सोळा महिलांचे खून केल्याचा आरोप असलेला माणूस पोलिसांच्या हाती लागला तो २००९ मध्ये. तोवर कितीतरी घरांनी ‘मुलगी बेपत्ता’ म्हणून तक्रारी दिल्या होत्या. एका ठाण्यातली बेपत्ता मुलगी आणि दुसऱ्या हद्दीतला अनोळखी मृतदेह जुळवणे हे ठाण्यातल्या हवालदाराचे काम नव्हे. ते दोन्ही कागद फक्त उपविभागाच्या आणि जिल्ह्याच्या टेबलावर एकत्र येतात. पुढे यातले अनेक खटले पुराव्याअभावी टिकले नाहीत.

काही चुका तर थेट वरिष्ठांच्याच असतात. ओळखपरेड होण्याआधीच पत्रकार परिषदेत संशयिताला कॅमेऱ्यांसमोर आणले तर ती ओळखपरेड बाद झाल्यात जमा. ‘त्याने गुन्हा कबूल केला आहे’ असे जाहीर करून काही मिळत नाही, कारण पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही.

यावर सर्वोच्च न्यायालयाने उपाय सांगून ठेवला आहे. गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई या खटल्यात ७ जानेवारी २०१४ रोजी आदेश झाला: प्रत्येक निर्दोष सुटकेची छाननी पोलीस आणि अभियोग खात्याच्या वरिष्ठांच्या स्थायी समितीने करावी, चूक कोणाची ते ठरवावे आणि दोषींवर खातेनिहाय कारवाई व्हावी. पण छाननीला बसणारे स्वतः वरिष्ठ, त्यामुळे बोट खालीच जाते. पोलीस तक्रार प्राधिकरणाचा मुख्य रोख कोठडीतले मृत्यू, मारहाण, अत्याचार यांवर आहे. तपासातली हयगय तिथे सहजी बसत नाही.

शिवाय वेळ निघून जातो. आपले आयपीएस अधिकारी अग्मुट, म्हणजे अरुणाचल, गोवा, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेशांच्या सामाईक संवर्गातले. निकाल लागेपर्यंत ते दिल्लीला, अरुणाचलला किंवा अंदमानला पोहोचलेले असतात, नाहीतर निवृत्त. आणि निवृत्तीनंतर चार वर्षांहून जुन्या घटनेबद्दल नव्याने खातेनिहाय चौकशी सुरू करता येत नाही. आपल्याकडे गंभीर खटल्याचा निकाल आठ-दहा वर्षांनी लागतो. म्हणजे त्यांच्यावरच्या चौकशीचे दार आधीच बंद झालेले असते. उपअधीक्षक बहुतेक गोवा पोलीस सेवेतलेच, इथेच राहणारे. त्यांना तर बदलीचेही कारण सांगता येणार नाही.

म्हणून गृह खात्याकडे माझी मागणी आहे. खून, बलात्कार आणि अमली पदार्थांच्या प्रत्येक गुन्ह्यात उपअधीक्षक व अधीक्षकांनी पहिल्या आठवड्यात, तिसाव्या दिवशी आणि दोषारोपपत्रापूर्वी तारीख घालून, सही करून लेखी सूचना द्याव्यात. त्या पाळल्या नाहीत तर कारण तपास अधिकाऱ्याने लिहावे. दोषारोपपत्र वाचून मंजूर करणाऱ्या वरिष्ठाचे नाव फाईलवर राहावे. छाननी समितीत निवृत्त सत्र न्यायाधीश असावेत. आणि २०१४ पासून गोव्यात किती निर्दोष सुटकांची छाननी झाली, त्यांत उपअधीक्षक व त्यावरील किती अधिकाऱ्यांना जबाबदार धरले गेले, हे आकडे सरकारने येत्या विधानसभा अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावेत.

आपला,
एक वकील वाचक, फोंडा