बंड्या, आजी गेली

मिरज, रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय बंड्या,

आजी गेली. फेब्रुवारीत गेली, आता मे चालू आहे, म्हणजे तीन महिने मी तुला कळवलं नाही. मधे तू दोनदा व्हॉट्सॲपवर विचारलंस, म्हातारी कशी आहे, आणि दोन्ही वेळा मी अंगठा पाठवला. पहिला अंगठा पाठवला तेव्हा तिला पुरून पंधरा दिवस झाले होते. शिव्या घालायच्या असतील तर घाल मर्दा, पण आधी सगळं वाच. तुझा पहिला प्रश्न काय असणार ते मला ठाऊक होतं, "घरीच गेली ना?" आणि नाही रे, घरी नाही गेली.

आमची तब्येत बरी. माझी शुगर होती तिथंच आहे, बायकोचा गुडघा दुखतोय, पोरगी अकरावीला.

जानेवारीच्या शेवटी तिला निमोनिया झाला. पहाटे धाप लागली, ओठ निळे दिसायला लागले, मी ॲम्ब्युलन्स बोलावली. गाडीत चढवताना तिनं माझी बाही धरली आणि म्हणाली, औषध घेऊ, ऑक्सिजन घेऊ, नळी नको, नाही उतरलं तर घरी आण. इतकं स्वच्छ सांगितलं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, माझा राग तिथल्या कुणावर नाही. तिसऱ्या रात्री दोन वाजता त्यांनी फॉर्म पुढं केला, म्हणाले आत्ता व्हेंटिलेटर लावला नाही तर तासाभराचा प्रश्न आहे, पटकन ठरवा. मी सही केली. वाचलं पण नाही काय लिहिलंय ते. अकरा दिवस ती त्या मशीनवर होती आणि बाराव्या दिवशी दुपारी मी खाली कॅन्टीनमधे असताना गेली.

जिनं नर्स म्हणून आपल्या गल्लीत, तुमच्या वाड्यात, पार बेडगपर्यंत किती जणांच्या उशाशी रात्री काढल्या ती स्वतः गेली तेव्हा उशाशी घरचं कुणी नव्हतं. हे मला तुझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाही. बायको म्हणते तुम्ही शक्य ते सगळं केलंत, पाळकसाहेब म्हणतात प्रभूची इच्छा. तू असं काही म्हणणार नाहीस म्हणूनच तुला लिहितोय.

आत भेटायला सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं सोडायचे. नळी ओढू नये म्हणून तिचे हात पट्टीनं कॉटच्या दांड्याला बांधलेले. तिचंच वाक्य तुला आठवतंय ना, पेशंट बेशुद्ध असला तरी त्याला ऐकू येत असतं, बोलत राहायचं, आणि त्याच्या खोलीत रडायचं नाही. मला दोन्ही जमलं नाही. पाचव्या दिवशी मी नुसता तिचा हात धरून उभा होतो तर तिची दोन बोटं सरकत सरकत माझ्या मनगटावर आली आणि तिथं थांबली. नाडी, बंड्या. ती माझी नाडी बघत होती.

सांगायचं म्हणजे तिनं आधीही बजावलं होतं. २०१५ च्या मे महिन्यात मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स अरुणा शानबाग, १९७३ च्या हल्ल्यापासून तिथंच अंथरुणाला खिळलेल्या, त्या गेल्या तेव्हा ती ओट्यापाशी मेथी निवडत बसली होती, रेडिओवर बातमी लागली. बेचाळीस वर्षं तिथल्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं. आजीला केवढा अभिमान त्या पोरींचा, ज्यांना कधी भेटली नव्हती त्यांचा. म्हणाली, इतकी वर्षं अंथरुणाला आणि पाठीला जखम होऊ दिली नाही, हे काय असतं ते फक्त नर्सला कळतं. आणि त्याच दमात म्हणाली, पण माझं तसं करू नकोस हां, मला नळ्या घालून ठेवू नकोस. मी म्हटलं काहीतरीच काय बोलतेस सकाळी सकाळी. तिनं मेथी बाजूला ठेवली, माझ्याकडं बघितलं आणि परत निवडायला लागली.

आता रात्री फोनवर तेच वाचत बसतो. ९ मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिलाय की माणूस आधीच लिहून ठेवू शकतो, मला असं जगवू नका. पहिल्यांदा त्यावर मॅजिस्ट्रेटची सही लागायची, जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर पुरतो. नोटरी तर आपल्याच चाळीखाली बसतो लेका, रोज त्याच्या टेबलावरनं जातो मी. एक कागद. तुझं न् तुझ्या आईचं काय ठरलंय ते बघ, मी सिरियसली सांगतोय.

दफनाला ही गर्दी होती. चर्चचे लोक, महिला मंडळ, दर्ग्याकडची माणसं, आपल्या गणपती मंडळाची पोरं बनियनवर खड्डा खणायला. विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालायची आणि ही बाई रात्रभर टेबल टाकून आयोडीन घेऊन बसायची, तू दरवर्षी काहीतरी फोडून घेऊन यायचास आणि ती म्हणायची आला माझा गिऱ्हाईक. पाळकसाहेबांनी सगळा इतिहास सांगितला, १८९४ ला वानलेस साहेबांनी मिशन हॉस्पिटल काढलं, १८९७ पासून नर्सिंगचं शिक्षण, आमच्या भगिनी तिथंच घडल्या वगैरे. मला मात्र डोळ्यासमोर स्टोव्हवर उकळणारी काचेची सिरिंज आणि तुझं मांडीवरचं गळू दिसत होतं. मॅगसल्फचा लेप लावताना तू "विठ्ठला" म्हणून बोंबललास आणि ती म्हणाली, त्याला बोलव, माझाही येशू आहे, दोघं मिळून धरतील तुला.

आणि तोच तू बारावीत मला म्हणालास की तुमचे लोक सेवा करतात ते बाटवायला. मी विसरलो नाहीये हां. आठ महिने बोललो नाही आपण, आणि त्या आठ महिन्यांत ती रोज सकाळी सात वाजता तुझ्या आईला इन्सुलिन टोचायला तुमच्याकडं येत होती. मी चिडून विचारलं कशाला जातेस, तर म्हणाली, भांडण तुमचं आहे, शुगर तिची आहे. मग तू दिवाळीला फराळाचा डबा घेऊन आलास, दारात उभा, आणि चकल्या सगळ्या तुटलेल्या. तुझी सॉरी म्हणायची पद्धत.

तर आज लिहायला का बसलो. परवा रात्री दहाला बेल वाजली, बेडगचा एक माणूस, माझ्याच वयाचा, बाळंतपण आजीनंच केलेलं त्याचं. आई शेवटच्या घटका मोजतेय, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलंय, सिस्टरआजींना न्यायला आलोय. त्याला माहीतच नव्हतं. मी सांगितलं तर तो पायरीवर बसला. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी आत गेलो, तिची ती रेक्झिनची बॅग घेतली आणि म्हटलं चल, मी येतो.

मला काय येतं बंड्या, मी बँकेतला माणूस. पण तिच्याबरोबर जाऊन जाऊन डोळ्यात बसलेलं होतं. म्हातारीला कुशीवर वळवलं, पाठीमागं उशी लावली, दर दोन तासांनी कूस बदलायची. खिडकी उघडली, खाटेभोवतीची माणसं थोडी मागं केली. ओठांना ग्लिसरीन लावलं. एक नातेवाईक भांड्यातनं तोंडात गंगाजल ओतायला लागले तेव्हा मी त्यांचा हात धरला, पाणी छातीत जाईल, गुदमरतील त्या, तुळशीचं पान बुडवून नुसतं ओठाला लावा. आणि हे बोलत असताना मला तुमची माजघराची खोली दिसली, तुझे बाबा, आजी तुझ्या आईला अगदी हेच सांगतेय, वृंदावनातनं पान आण म्हणून. तुझे काका हरिपाठ म्हणत होते आणि आजी शेजारी बसून ओठ हलवत होती, तिचं तिचं.

बेडगची म्हातारी चारच्या सुमाराला गेली, लेकाच्या मांडीवर. शांत. मी उजाडता घरी आलो, बॅग खुंटीला अडकवली आणि फेब्रुवारीपासून पहिल्यांदा रडलो, पोरगी उठून बघायला आली.

तुझी मस्कतची नवी नोकरी कशी आहे, पोराचं ॲडमिशन कुठं घेतोयस, वहिनींना नमस्कार. आईचे डोळ्यांचे ड्रॉप्स संपत आले असतील तर कळव, इथनं कुणाबरोबर तरी पाठवतो.

आणि एक काम कर. तुझ्या बाबांच्या त्या रात्री मी तुमच्या पडवीत झोपून गेलो होतो, तू जागा होतास. शेवटचा तासभर आजी त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी बोलत होती असं तू तेव्हा सांगितलेलंस, आणि मी कधी विचारलं नाही काय ते. बेडगला मला बोलायला शब्दच सुचेनात, मी नुसता हात धरून बसलो. लोक परत येणार आहेत रे, कालही एकजण विचारून गेला. ती काय बोलत होती ते आठवेल तेवढं लिहून पाठव. फोनवर नको, लिहून.

तुझा,
बाळ्या