टाचेनं मारलेला गोल

मँचेस्टर
२२ जानेवारी २०२६

प्रिय संज्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर "सगळं बरं आहे" म्हणालास आणि दोन मिनिटांत फोन वहिनींच्या हातात दिलास, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की घरात काहीतरी बिनसलंय. मग वहिनींनी सगळं सांगितलं. ओंकारनं शाहू स्टेडियमवर समोरच्या पेठेकडून खेळून आपल्याच संघावर गोल मारला, त्या एका गोलनं आपण हरलो आणि त्या दिवसापासून तू पोराशी बोलत नाहीस. जेवायला शेजारी बसता, पण भाजीसुद्धा वहिनींमार्फत मागतोस म्हणे.

फोनवर हे बोलायला गेलो असतो तर तू मधेच तोडलं असतंस. पन्नास वर्षं ओळखतो तुला. म्हणून पत्र लिहितोय. पत्र तू शेवटपर्यंत वाचशील.

आपल्या तालमीच्या खोलीत, महाराजांच्या तसबिरीखाली, कुठल्यातरी इंग्रजी मासिकातलं एक पान डकवलेलं होतं, आठवतंय? सोनेरी केसांचा, सडपातळ, एक हात सरळ वर केलेला माणूस. अंगातल्या जर्सीच्या बाह्या मनगटाच्याही खाली ओढून काठ मुठीत धरलेला. खालचं नाव फाटून गेलं होतं. गांधी मैदानावर गोल मारलास की तू तसंच करायचास. शर्टाच्या बाह्या मुठीत धरून एक हात वर. तुझी आई ओरडायची, बाह्या सैल होतात म्हणून.

तो माणूस कोण होता ते आपण कुणाला विचारलं नाही. तो स्कॉटलंडचा फुटबॉलपटू डेनिस लॉ. इथं आल्यावर जावयाच्या पुस्तकात तसाच फोटो बघितला आणि क्षणभर मला तालमीतल्या तेलाचा वास आला. तेव्हापासून त्याच्याबद्दल मिळेल ते वाचतोय. १७ तारखेला त्याला जाऊन एक वर्ष झालं. मंगळवारी नात झोपली होती, तेवढ्यात पिवळी ट्राम धरून ओल्ड ट्रॅफर्डला, मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर, जाऊन आलो. स्टेडियमच्या समोर तिघांचा पुतळा आहे: जॉर्ज बेस्ट, डेनिस लॉ आणि बॉबी चार्ल्टन, एकमेकांना खेटून उभे. लॉचा हात वर. गार वाऱ्यात त्या हाताकडे बघत उभा राहिलो आणि मला तू दिसलास. खोटं नाही सांगत.

त्याचं बालपण वाचलंस तर तुला वाटेल की आपल्याच गल्लीतलं पोर आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला ॲबर्डीन नावाचं बंदर आहे, सगळं गाव करड्या ग्रॅनाइटचं. तिथं प्रिंटफील्ड टेरेसमध्ये नगरपालिकेच्या चाळीवजा घरात १९४० साली त्याचा जन्म झाला. सात भावंडांत शेंडेफळ. वडील मासेमारीच्या बोटीवर. बारा वर्षांचा होईपर्यंत पोरगं अनवाणी हिंडायचं, आणि फुटबॉलचे पहिले बूट मिळाले तेही शेजाऱ्यानं वाढदिवसाला दिलेले, वापरलेले. आपण दोघांनी एक जोड वाटून घेतला होता, डावा तू, उजवा मी, ते आठवून मी एकटाच हसलो. हुशार होता, नावाजलेल्या शाळेत नंबर लागला होता. पण त्या शाळेत रग्बी खेळवायचे, फुटबॉल नाही. म्हणून त्यानं ती शाळाच नाकारली आणि दुसऱ्या शाळेत गेला. असा निर्णय घेणाऱ्या पोराबद्दल मला आपोआप माया वाटते.

त्यात एका डोळ्यानं तिरळा. जाड चष्मा. मैदानावर चष्मा काढून तो डोळा मिटून खेळायचा. १९५५ मध्ये इंग्लंडच्या हडर्सफील्ड टाउन क्लबकडे चाचणीला गेला तेव्हा हा काडीपैलवान बघून तिथला मॅनेजर चक्रावला होता. तरी घेतलं त्यांनी, आणि डोळ्याचं ऑपरेशनही करून दिलं. पुढं लिव्हरपूलला मोठं करणारा बिल शँक्ली तेव्हा हडर्सफील्डमध्येच होता, त्याच्या हाताखाली पोरगं तयार झालं. सोळाव्या वर्षी, १९५६ च्या नाताळच्या आदल्या दिवशी, पहिला सामना. अठराव्या वर्षी स्कॉटलंडची जर्सी.

१९६० मध्ये मँचेस्टर सिटीनं त्याला ५५ हजार पौंडांना घेतलं. ब्रिटनमधली तोवरची सगळ्यात मोठी रक्कम. आणि इथला एक किस्सा ऐक. जानेवारी १९६१, एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेचा सामना, ल्युटनच्या मैदानावर. धो धो पाऊस, नुसता राडा. ल्युटन दोन गोलनं पुढं. तिथून लॉनं एकट्यानं सहा गोल मारले. सहा! सिटी ६-२. आणि ६९ व्या मिनिटाला पंचांनी मैदान खेळण्यालायक नाही म्हणून सामना थांबवला आणि रद्द केला. सहाच्या सहा गोल पुसले गेले. सामना परत झाला, त्यात लॉनं आणखी एक मारला, पण ल्युटन ३-१ नं जिंकलं. एका संघावर सात गोल मारून तो माणूस स्पर्धेबाहेर गेला. आपल्याकडं असं झालं असतं तर पेठेत चार दिवस चूल पेटली नसती.

मग एक वर्ष इटलीत, तोरिनो क्लबकडून. तिथले बचावपटू सावलीसारखे चिकटायचे, त्याला तो खेळ मानवला नाही. संघातला त्याचा जोडीदार बेकर गाडी चालवत असताना अपघात झाला, बेकर मरता मरता वाचला, लॉ थोडक्यात सुटला. त्या वर्षाबद्दल एवढंच.

१९६२ मध्ये मॅनेजर मॅट बझ्बीनं त्याला मँचेस्टर युनायटेडला आणलं, १ लाख १५ हजार पौंड मोजून. पुन्हा विक्रम. बझ्बी कोण हे तुला सांगायला नको. १९५८ च्या म्युनिकच्या विमान अपघातात २३ जणं गेली, त्यात त्यानं घडवलेली आठ पोरं होती. स्वतः मरणाच्या दारातून परत आला आणि शून्यातून संघ बांधत होता. त्या बांधणीला लॉ लागला. पहिल्याच हंगामात लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर एफए कपच्या अंतिम सामन्यात गोल आणि लेस्टरवर ३-१ विजय. पुढच्या हंगामात सगळ्या स्पर्धा मिळून ४६ गोल. युनायटेडसाठी एका हंगामात तेवढे गोल अजून कुणाला जमलेले नाहीत, रोनाल्डोलाही नाही. १९६४ चा बॅलन डी'ओर, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, त्याला मिळाला. आजपर्यंत तो मिळालेला तो एकमेव स्कॉटिश खेळाडू आहे. ओल्ड ट्रॅफर्डच्या स्ट्रेटफर्ड एंड गॅलरीतली माणसं त्याला 'किंग' म्हणायला लागली.

उंची फार नव्हती, संज्या. पण उडी घेतली की वरच थांबायचा असं सगळे लिहितात. हेडरला चढला की सहा फुटी बचावपटू खाली आलेले असायचे आणि हा अजून हवेत. पाठ गोलकडे असताना बॉल कुठं पडणार हे त्याला बघावं लागत नव्हतं. अंगानं एवढासा, पण भांडायला पुढं, तेही तुझ्यासारखंच. आपल्या ओंकारची उडी बघताना मला तीच लय वाटते, हे मी तुला दोन वर्षांपूर्वीच बोललो होतो.

१९६७ चा एक दिवस सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. इंग्लंड जगज्जेते होते. आदल्या वर्षी ते विश्वचषक जिंकत होते तेव्हा लॉ मुद्दाम गोल्फ खेळायला गेला होता, बघवणार नाही म्हणून. आणि एप्रिलमध्ये वेम्बलीवर स्कॉटलंडनं त्याच जगज्जेत्यांना ३-२ हरवलं. पहिला गोल लॉचा. स्कॉटलंडसाठी त्यानं ५५ सामन्यांत ३० गोल मारले. केनी डाल्ग्लिशनं त्याची बरोबरी केली, पण त्याला १०२ सामने लागले.

मग गुडघा. तुझा गेला तसाच त्याचाही. २९ मे १९६८ ला युनायटेडनं वेम्बलीवर बेन्फिकाला हरवून युरोपियन कप जिंकला, इंग्लंडमधला पहिला क्लब. बझ्बीनं दहा वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली तो दिवस. आणि लॉ त्या रात्री मँचेस्टरच्या दवाखान्यात, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, खाटेवरून टीव्हीवर सामना बघत होता. तो पुतळा उभारला तो बरोबर त्याच तारखेला, २९ मे २००८ ला, त्या विजयाला चाळीस वर्षं झाली म्हणून. जो त्या सामन्यात नव्हता त्याला लोकांनी त्या पुतळ्यात उभा केला. मंगळवारी तिथं उभा असताना हे आठवलं आणि गळा दाटून आला.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते.

१९७३ मध्ये युनायटेडनं त्याला मोकळं केलं. अकरा वर्षं, ४०४ सामने, २३७ गोल. तो घरच्यांकडे ॲबर्डीनला गेला होता, आणि आपल्याला सोडलंय ही बातमी त्याला टीव्हीवरून कळली. कुणी समोर बसवून सांगितलं नाही. तेहतीस वर्षांचा होता, दुखरा गुडघा होता, आणि खेळायची भूक शाबूत होती. सिटीनं, म्हणजे त्याच शहरातल्या समोरच्या पेठेनं, बोलावलं, तो गेला. त्यानं काय करायला हवं होतं? बूट खुंटीला टांगून गॅलरीत बसायचं?

२७ एप्रिल १९७४. ओल्ड ट्रॅफर्ड. युनायटेड तळाशी आलेलं, खालच्या विभागात घसरायच्या बेतात. समोर सिटी, आणि सिटीच्या आकाशी जर्सीत लॉ. शेवटची दहा मिनिटं, ०-०. फ्रान्सिस लीनं बॉल गोलसमोर आत दिला. लॉची पाठ गोलकडे. त्यानं वळूनही बघितलं नाही, टाचेनं मागं सारला. बॉल गोलकीपरच्या बाजूनं आत.

त्याचं चित्रण मी कितीदा बघितलं असेल. सिटीची पोरं धावत येऊन त्याला मिठ्या मारतात, पाठ थोपटतात, केस विस्कटतात. तो हात वर करत नाही. बाह्या मुठीत धरत नाही. खांदे पाडून चालत राहतो, अंगातलं वारं गेल्यासारखा. लगेच त्याला बदली करून बाहेर घेतलं. लोक मैदानात उतरले, पंचांनी सामना थांबवला, पण निकाल तोच राहिला. युनायटेड खाली गेलं, १९३७ नंतर पहिल्यांदा.

खरं म्हणजे लॉनं गोल मारला नसता तरी ते घसरलेच असते. त्याच दिवशी बर्मिंगहॅम जिंकलं होतं, बाकीचे निकाल तसेच लागले होते. पण पेठेला हिशेब कुठं कळतो? अजूनही लोक म्हणतात, लॉनं युनायटेडला बुडवलं. त्याला स्वतःलाही तो गोल आयुष्यभर बोचला. नको होता तो, असं तो मुलाखतींत सांगायचा. लीगमधला त्याचा तो शेवटचा गोल. उन्हाळ्यात विश्वचषकात झाईरविरुद्ध एक सामना खेळला आणि थांबला.

आता हे नीट वाच. ज्या लोकांचा संघ त्या दिवशी खाली गेला, त्यांनी त्याला टाकला नाही. 'किंग' म्हणणं सोडलं नाही. २०२१ मध्ये त्याला स्मृतिभ्रंश झाल्याचं घरच्यांनी जाहीर केलं, त्याच वर्षी ॲबर्डीननं पुतळा उभारला. गेल्या वर्षी जानेवारीत तो ८४ व्या वर्षी गेला तेव्हा दोन्ही क्लबांनी त्याला आपला म्हटलं, लाल आणि आकाशी दोन्ही.

संज्या, आपल्या संघानं ओंकारला दोन हंगाम बाकावर बसवला. तू रोज घरी येऊन चिडायचास, मला फोन करायचास. यंदा यादीत नावच नाही, आणि तेही त्याला दुसऱ्या पोरांकडून कळलं. सत्तावीस वर्षांचं पोरगं, त्यानं काय करायला हवं होतं? हा प्रश्न मी लॉबद्दल विचारला तेव्हा तू मान हलवली असशील. आता घरात विचार.

आणखी एक. वहिनी म्हणाल्या, गोल झाल्यावर ओंकारनं हात वर केला नाही. मान खाली घालून मध्यरेषेपर्यंत चालत गेला. तू गॅलरीत होतास. तू ते बघितलंस का? की तोवर उठून चालू लागला होतास?

त्याचा पुढचा सामना कधी आहे ते मला कळव. तुमच्याकडं चार वाजता म्हणजे इथं सकाळचे साडेदहा. मी नातीला मांडीवर घेऊन मोबाईलवर लावून बसेन. तू कुठल्या गॅलरीत बसायचं ते तुझं तू ठरव, पण घरातून निघताना त्याच्या गाडीवर मागं बसून जा.

वहिनींना नमस्कार. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात परत येतोय. तुझ्यासाठी त्या फोटोची मोठी प्रत काढून घेतली आहे, या वेळी खाली नाव आहे.

तुझा,
दत्ता