कॉलेजात कुणाकडे काय मागायचं

चि. सौरभ,
अनेक आशीर्वाद.

वर्ग सुरू झाले की पहिल्याच आठवड्यात शिष्यवृत्तीचं काम हाती घे. एसएसपी म्हणजे कर्नाटक सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) काढलेल्या जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यांवरचे आरडी नंबर, म्हणजे दाखल्याचे क्रमांक, लागतात. आपल्या सीमाभागात घोळ होतो तो नावांचा. दहावीच्या मार्क्सकार्डावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, दाखल्यावर कन्नडमधून आलेलं तिसरंच स्पेलिंग. तिन्ही कागद शेजारी ठेव, अक्षर न् अक्षर ताडून बघ. फरक दिसला तर आधी दुरुस्ती, मग अर्ज. पैसे आधारशी सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात जमा होतात, म्हणून कॉलेजजवळच्या बँकेत नवं खातं उघडताना सबसिडीसाठी आधार जोडायच्या चौकटीत उगाच टिक मारू नकोस. नाहीतर पैसे एका खात्यात आणि आपण दुसऱ्याचं पासबुक भरून बघतोय, असं व्हायचं.

नोटीस बोर्डावरचं कन्नड पत्रक नीट कळलं नाही तर फोटो काढ आणि मेंटॉर सरांना त्याच दिवशी विचार. बऱ्याचदा त्यात शेवटची तारीखच असते. मराठी माध्यमातून आलास यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र न समजलेल्या कागदावर सही करायची नाही. ऑफिसात कुठलाही अर्ज दोन प्रतींत ने, एकीवर तारीख-शिक्क्यासह पोच घे. तोंडी सांगितलेलं टेबलावरचा माणूस बदलला की विरून जातं.

फी, निकाल, कागदपत्रं अडवणं अशी तक्रार असेल तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी दे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2023 च्या नियमांप्रमाणे समितीने शक्यतो 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. रॅगिंगसाठी 1800-180-5522 हा नंबर आत्ताच सेव्ह कर. मित्राला त्रास झाला तरी तू फोन करू शकतोस.

आणि समुपदेशकांकडे नापास झाल्यावरच जायचं, असं नसतं. झोप उडाली, जेवण जाईना, वर्गात जावंसं वाटेना, असं आठ-पंधरा दिवस चाललं तर जाऊन बस. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे. फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. आम्हाला काळजी वाटेल म्हणून गप्प राहू नकोस रे. आम्हाला नंतर सांगितलंस तरी चालेल, पण त्यांच्याशी आधी बोल.

तुझे,
आई-बाबा